ग्रुपवर आलेली एक फाईल आणि रिकामं झालेलं खातं : मोबाईलचं जाळं कसं चालतं, चोर आत कुठून शिरतो?

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फाईल येते. नाव असतं ‘पीएम किसान यादी’, ‘आरटीओ चलन’, ‘लग्नपत्रिका’ नाहीतर ‘लाडकी बहीण केवायसी’. पाठवणारा ओळखीचा असतो. कधी सरपंच, कधी भाचा, कधी शाळेतले गुरुजी. म्हणून लोक बिनधास्त ती उघडतात. पुढच्या काही तासांत खात्यातून पैसे कटल्याचे मेसेज यायला लागतात. कधी कधी तर मेसेजही येत नाहीत, बँकेत पासबुक भरायला गेल्यावरच कळतं.

मग गावात चर्चा सुरू होते, ‘मोबाईल हॅक झाला.’ पण हॅक झाला म्हणजे नेमकं काय झालं? कोणी, कुठून आणि कोणत्या दारानं आत आलं? हे एकदा समजलं की निम्मी फसवणूक जागेवरच थांबते. त्यासाठी इंजिनिअर व्हायची गरज नाही. मोबाईलचं जाळं, म्हणजे नेटवर्क, कसं चालतं एवढं कळलं तरी पुरतं.

मेसेज जातो कसा?

आपण एखादा फोटो पाठवला की तो अख्खा एका झटक्यात जात नाही. फोन त्याचे लहान लहान तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यावर कुठून निघाला आणि कुठे जायचंय हे लिहिलेलं असतं. तुकडे हवेतून फक्त जवळच्या टॉवरपर्यंत जातात. पुढचा बहुतेक प्रवास जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबर केबलमधून होतो. रस्त्याच्या कडेला चर खणून टाकलेल्या नळ्या तुम्ही पाहिल्या असतील, त्यातूनच ही केबल जाते. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली ‘भारतनेट’ची केबल याच प्रकारातली. परदेशातल्या कंपनीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं असेल तर तुकडे समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जातात. अशा केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीला लागतात.

वाटेत ठिकठिकाणी राऊटर नावाची यंत्रं असतात. टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी होते, तसं राऊटर तुकड्यावरचा पत्ता वाचून त्याला पुढच्या वाटेला लावतो. शेवटी सगळे तुकडे पोहोचले की समोरचा फोन ते जोडून फोटो दाखवतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात होतं.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. चोराला तुमच्या गावात यायची गरज नाही. तो हजार किलोमीटरवर बसला तरी जाळ्यात तुमचा शेजारीच असतो. घराला कडी लावतो तशी फोनलाही लावावी लागते, ती यासाठी.

पत्ता आणि नाव : फसवी लिंक इथेच ओळखता येते

जाळ्यात प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. जुन्या पद्धतीत हा पत्ता चार आकड्यांचा असतो, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. असे एकूण सुमारे ४३० कोटी पत्ते होतात. जगातल्या फोन-कॉम्प्युटरला ते पुरत नाहीत, म्हणून मोबाईल कंपन्या एकच पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. त्यामुळे पोलिसांना चोर शोधताना नुसता पत्ता पुरत नाही, मिनिट-सेकंदापर्यंतची वेळही लागते. फसवणूक झाली तर मेसेज, स्क्रीनशॉट आणि वेळ जपून ठेवा असं सांगतात ते उगाच नाही.

हे आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून वेबसाईटला नाव असतं. आपण नाव टाकतो आणि डीएनएस नावाची व्यवस्था ते नाव शोधून त्याचा आकड्यांचा पत्ता देते. फोनमध्ये ‘मामा’ असं नाव दाबलं की नंबर लागतो, तसंच हे.

खरी गंमत नाव वाचण्यात आहे. आपण पत्ता लिहितो तो लहानाकडून मोठ्याकडे : मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. वेबसाईटचं नावही तसंच असतं. पहिल्या आडव्या-तिरक्या रेघेच्या आधी सगळ्यात शेवटी जे येतं, ते महत्त्वाचं. ‘पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन’ यात शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे. हे शेपूट फक्त सरकारी खात्यांनाच मिळतं. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक योजनांच्या साईटचा शेवट ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ असा असतो.

चोर काय करतो? तो ‘पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन डॉट यादी डॉट एक्सवायझेड’ असं नाव तयार करतो. घाईत वाचणाऱ्याला सुरुवातीचं ‘पीएमकिसान’ दिसतं आणि तो फसतो. पण शेवटी काय आहे? ‘यादी डॉट एक्सवायझेड’. म्हणजे मुक्काम ओळखीचा लिहिलाय, जिल्हा मात्र भलताच. अशी लिंक दाबायची नाही.

बँकांसाठीही आता वेगळं शेपूट आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या शेपटावर यायला सांगितलं. हे नाव नोंदणीकृत बँकांनाच मिळतं. बँकेच्या नावाने आलेल्या लिंकचा शेवट असा नसेल तर सावध व्हा.

कुलपाचं चिन्ह म्हणजे साईट खरी, असं नाही

वेबसाईटच्या नावाआधी कुलपाचं चिन्ह किंवा ‘एचटीटीपीएस’ दिसलं की लोकांना वाटतं, चला, सुरक्षित आहे. त्याचा अर्थ इतकाच की तुमचा फोन आणि ती वेबसाईट यांच्यामधलं बोलणं बंद पाकिटातून चाललंय, वाटेत कोणी ते वाचू शकत नाही. पण पाकीट ज्याच्या हातात पडतं तो माणूस खरा की लबाड, हे कुलूप सांगत नाही. चोरही आपल्या साईटला कुलूप लावतो, त्याला पैसे पडत नाहीत. म्हणून कुलूप पाहा, पण नावाचा शेवट आधी पाहा.

एपीके फाईल आत जाऊन काय करते?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ग्रुपवरच्या त्या फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि त्यापुढे इंग्रजीत ए, पी, के ही तीन अक्षरं असतात. यादी, पत्रिका, पावती ही पीडीएफ असते नाहीतर फोटो. एपीके म्हणजे कागद नव्हे, ते अँड्रॉईड फोनमध्ये बसवायचं पूर्ण ॲप असतं. लग्नपत्रिका वाचायला ॲप कशाला लागेल? हा एकच प्रश्न स्वतःला विचारला तरी पुरे.

फाईल दाबल्यावर फोन स्वतः अडवतो. ‘अज्ञात ठिकाणाहून ॲप बसवू का?’ असं विचारतो. घाईत आपण ‘हो’ दाबतो. मग ॲप एकेक परवानगी मागतं : मेसेज वाचू द्या, कॉन्टॅक्ट पाहू द्या, नोटिफिकेशन पाहू द्या, ‘ॲक्सेसिबिलिटी’ द्या. शेवटची परवानगी सर्वात धोक्याची. ती मुळात अंध-अपंगांना फोन वापरता यावा म्हणून आहे. ती दिली की ॲपला तुमची स्क्रीन वाचता येते आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात.

पुढचा क्रम बहुतेक असा असतो. ॲप उघडल्यावर सरकारी दिसणारं पान येतं, त्यात नाव, आधार, खाते क्रमांक, एटीएम कार्डाचा नंबर, पिन भरायला सांगतात. तुम्ही भरलेली माहिती थेट चोराकडे जाते. तो त्याच्या ठिकाणाहून व्यवहार सुरू करतो. बँक तुमच्या मोबाईलवर ओटीपी पाठवते. तो मेसेज तुमच्या आधी ते ॲप वाचतं आणि पुढे पाठवतं. ‘मी तर कोणालाच ओटीपी सांगितला नाही’ असं लोक म्हणतात, आणि ते खरंच असतं. ओटीपी त्यांनी सांगितलेला नसतो, फोनने सांगितलेला असतो.

मग तीच फाईल तुमच्या नंबरवरून सगळ्या ग्रुपवर जाते. व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर सुरू करायला सहा आकडी कोड लागतो. मेसेज वाचता येत असतील तर चोराला तोही मिळतो. म्हणूनच फाईल ‘सरपंचांच्या नंबरवरून’ येते. सरपंचांनी ती पाठवलेलीच नसते. तेव्हा पाठवणारा ओळखीचा आहे हा भरवशाचा पुरावा नाही. शंका आली की मेसेजवर विचारू नका, सरळ फोन लावून विचारा, ‘दादा, ही फाईल तुम्ही टाकली का?’

पिन कधी टाकायचा?

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं आणि आज वडापावच्या गाड्यावरही चालतं. त्याचा एक नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ असला पाहिजे : पैसे घ्यायला पिन लागत नाही. यूपीआय पिन लागतो तो पैसे द्यायला आणि शिल्लक पाहायला. कोणी म्हणालं, ‘काका, तुमच्या कांद्याचे पैसे टाकतोय, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका’, तर तो पैसे टाकत नाहीये, काढतोय. क्यूआर कोड हासुद्धा पत्ताच असतो. तो स्कॅन करणारा पैसे देतो, घेत नाही.

आणखी एक युक्ती म्हणजे घाबरवणं. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस सांगतो, ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका.’ आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हेच सांगितलं होतं. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि सुटकेसाठी पैसेही मागत नाहीत. कॉल कट करा आणि घरातल्या माणसांना लगेच सांगा. लाजेखातर लपवाल तर चोराला तेच हवं असतं.

अंगठ्यालाही कुलूप लागतं

गावात बँक मित्राकडे किंवा सेवा केंद्रात आधार आणि अंगठा लावून पैसे काढता येतात. म्हाताऱ्या माणसांची त्याने मोठी सोय झाली. पण यात ना ओटीपी लागतो, ना पिन. अंगठ्याच्या ठशाची नक्कल करून पैसे काढल्याचे गुन्हे देशात उघड झाले आहेत. जमिनीच्या खरेदीखतावरून उचललेले ठसेही त्यात वापरले गेले. दुसरा प्रकार साधा आहे : ‘अंगठा नीट लागला नाही, परत लावा’ असं सांगून दोनदा रक्कम काढणं.

यावर उपाय आहे. आधारच्या अधिकृत ॲपमधून किंवा वेबसाईटवरून बायोमेट्रिक लॉक करता येतं. लॉक असेपर्यंत अंगठ्यावर काहीच चालत नाही. मात्र हे ध्यानात ठेवा, मग रेशन दुकानातही अंगठा चालणार नाही, त्या वेळी लॉक तात्पुरतं उघडावं लागेल. घरात हे करणारं कोणी असेल तरच लॉक लावा. काही अडलं तर आधारची हेल्पलाईन १९४७ आहे. लॉक जमत नसेल तर निदान दर वेळी पावती मागा आणि अंगठा लावण्याआधी मशीनवरचा आकडा वाचून घ्या, वाचता येत नसेल तर सोबत कोणाला तरी न्या.

घरचं वायफाय आणि गोठ्यातला कॅमेरा

आता अनेक घरांत फायबरचं वायफाय आलंय. त्या डब्यालाही राऊटर म्हणतात. त्याला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, जो पाहुण्यांना सांगतो. दुसरा डब्याच्या सेटिंगचा, जो बऱ्याच ठिकाणी कंपनीतून आला तसाच ‘ॲडमिन’ राहिलेला असतो. तो बदलून घ्या. आत शिरलेला माणूस डीएनएसची सेटिंग बदलू शकतो. मग तुम्ही नाव बरोबर टाकलं तरी पत्ता चुकीचा मिळतो. शिवाय तुमच्या वायफायवरून कोणी गुन्हा केला तर कनेक्शन तुमच्या नावावर असतं आणि चौकशीची सुरुवात तुमच्या दारातून होते.

शेतात, गोठ्यात, दुकानात लावलेल्या कॅमेऱ्याचंही तेच. बसवणाऱ्याने ठेवलेला ‘१२३४५६’ पासवर्ड बदला. नाहीतर घर बंद कधी असतं हे बाहेरचा माणूस तुमच्याच कॅमेऱ्यातून बघेल. मोटारीच्या मोबाईल स्टार्टरला ठरावीक नंबर नोंदवायची सोय असेल तर घरचेच नंबर ठेवा.

एसटी स्टँडवर, हॉटेलात मिळणाऱ्या फुकटच्या वायफायवर बँकेचं काम करू नका. त्याच नावाचं खोटं वायफाय कोणीही सुरू करू शकतो. पैशाचे व्यवहार स्वतःच्या डेटावरच करा.

पैसे गेले तर पहिला तास सोन्याचा

चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. तुमच्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून चार खात्यांत, तिथून एटीएममधून बाहेर, असा तो प्रवास मिनिटांत होतो. म्हणून ‘उद्या बँकेत जाऊन बघू’ असं म्हणू नका. क्रमाने हे करा :

१. फोनचा डेटा आणि वायफाय बंद करा, फोन ‘फ्लाईट मोड’वर टाका. म्हणजे आत बसलेल्या ॲपचा बाहेरचा संपर्क तुटतो.

२. दुसऱ्याच्या फोनवरून १९३० ला फोन करा. ही देशभरातली सायबर फसवणुकीची हेल्पलाईन आहे. तक्रार गेली की पुढच्या बँकांना कळवलं जातं आणि वाटेत सापडलेली रक्कम गोठवली जाते. हीच तक्रार ‘सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन’ वरही करता येते. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक जवळ ठेवा.

३. बँकेला कळवून खातं, कार्ड, यूपीआय बंद करायला सांगा. तक्रारीचा क्रमांक घ्या, अर्ज दिला तर पोच घ्या.

४. त्या फोनवरच्या मेसेजचे, फाईलच्या नावाचे फोटो दुसऱ्या फोनने काढा. त्यानंतरच ते ॲप काढा. निघत नसेल तर फोन पूर्ण ‘रिसेट’ करून घ्या. रिसेटने पुरावाही जातो, म्हणून आधी फोटो. मग सगळे पासवर्ड आणि पिन स्वच्छ फोनवरून बदला.

५. ##००२# डायल करा. तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवले असतील तर ते बंद होतात.

६. ग्रुपवर सांगा, ‘माझ्या नंबरवरून आलेली फाईल उघडू नका.’ यात लाज कसली? तुमच्या एका मेसेजने दहा घरं वाचतील.

पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असं ऐकावं लागलं तर सांगा की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता द्यायची सोय आहे. दुसऱ्याचं सोंग घेऊन मोबाईल-कॉम्प्युटरवरून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

बँक भरपाई देते का? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याचा नियम घालून दिला. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्यानेच केली असेल आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर बोजा नाही. तुम्ही स्वतः पिन-ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्ही बाबतीत लवकर कळवण्यातच फायदा. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असंच परिपत्रक निघालं. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठीचा माहिती क्रमांक १४४४८ आहे.

पोरांनो, खातं भाड्याने देऊ नका

चोरीचे पैसे फिरवायला चोराला खाती लागतात. म्हणून कॉलेजच्या पोरांना गाठून सांगतात, ‘तुझं खातं, एटीएम आणि सिम दे, महिन्याला पाच हजार घे.’ सोपे पैसे वाटतात. पण ज्याच्या नावावर खातं, त्याच्या दारात पोलीस येतात. खातं गोठतं, गुन्ह्यात नाव येतं आणि पुढे भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तेच आडवं येतं. सिमचंही तसंच. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते सरकारच्या ‘संचार साथी’ वेबसाईटवर पाहता येतं. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथूनच कळवा. हरवलेला फोन बंद करायची सोयही तिथेच आहे.

आज रात्रीच करायची पाच कामं

• फोनच्या सेटिंगमध्ये ‘अज्ञात ॲप बसवणे’ बंद आहे का बघा. व्हॉट्सॲपला ही परवानगी दिलेली असेल तर काढा.

• व्हॉट्सॲपमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करून सहा आकडी पिन ठेवा. मेसेजमधला कोड चोरला तरी दुसरं कुलूप राहतं.

• ॲपची यादी काढा. मेसेज वाचायची आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी कोणाकोणाला आहे ते बघा. ओळखीचं नाही ते काढा.

• मोठी रक्कम, म्हणजे ऊसबिल, कापसाचे पैसे, विमा, एका खात्यात ठेवा आणि यूपीआय दुसऱ्या, थोड्या पैशांच्या खात्याला जोडा. काही झालंच तर वर्षाची कमाई तरी वाचेल.

• १९३० हा नंबर आई-वडिलांच्या फोनमध्ये ‘सायबर पोलीस’ नावाने सेव्ह करा, आणि घराच्या भिंतीवर खडूनेही लिहा. कारण गरज पडेल तेव्हा तो फोन हातात नसेल.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना हा लेख वाचून दाखवा. घरात फोन चारजण वापरत असतील तर चौघांनाही माहीत हवं. तीन जण सावध असून उपयोग नाही. चोराला दार एकच लागतं.